वायरलेस इअरबड आणि हेडफोन घेताना, वापरताना या चुका टाळा

कापसाचे पहिले पैसे हाती येतात तेव्हा, म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे, यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नव्या इअरबडच्या डब्या दिसू लागतात आणि होळीपर्यंत त्यांतल्या बऱ्याच डब्या तक्रार घेऊन परत येतात. एका कानात ऐकू येत नाही, आवाज तुटतो, समोरच्याला आपले बोलणे समजत नाही, बॅटरी टिकत नाही, या त्या नेहमीच्या तक्रारी. डबी उघडून, कनेक्शन पुन्हा जोडून, जाळी साफ करून पाहिल्यावर लक्षात येते की प्रत्यक्ष बिघाड थोड्याच ठिकाणी असतो. बाकीच्या ठिकाणी घेताना डबीवरचे आकडे पाहिलेले असतात, पण आपण काय ऐकतो, कुठे बसून ऐकतो आणि किती वेळ ऐकतो, याचा विचार राहून गेलेला असतो.

धमक पाहून घेणे आणि शब्द गमावणे

दुकानदार इअरबड दाखवताना हमखास ढोलाचा ठेका असलेले गाणे लावतो. ठेका छातीत बसतो आणि सौदा होतो. आपल्या गावांत मात्र दिवसभर जे ऐकले जाते ते बहुतांशी बोलणे असते. पहाटे हरिपाठ किंवा खंजिरीवरची भजने, दुपारी कीर्तन, संध्याकाळी कापूस-सोयाबीनचे भाव आणि हवामान, रात्री स्पर्धा परीक्षेच्या तासांचे व्हिडिओ, आणि मधल्या वेळात पुण्याला शिकणाऱ्या मुलीचा फोन. सुरांची उंची हर्ट्‌झमध्ये मोजतात; माणसाच्या बोलण्याची स्पष्टता मुख्यतः १००० ते ४००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असते, तर ठेक्याची धमक २५० हर्ट्‌झच्या खाली असते. खालचा भाग मुद्दाम फुगवलेल्या इअरबडमध्ये तो वरच्या भागावर पसरतो, शब्द गढूळ होतात आणि शब्द कळावेत म्हणून माणूस आवाज वाढवत जातो. कानाला इजा होण्याची सुरुवात अनेकदा इथूनच होते.

म्हणून दुकानात जाताना आपल्या फोनमध्ये आपल्या नेहमीच्या ऐकण्यातले एखादे कीर्तन किंवा शिकवणीचा तुकडा उतरवून न्यावा आणि आवाज निम्म्यावर ठेवून तो लावावा. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘ट’ ही अक्षरे वेगवेगळी ऐकू येतात का, खंजिरीच्या चकत्यांचा आवाज खणखणीत येतो की पत्र्यासारखा कर्कश वाटतो, हे दोन मिनिटांत समजते. खोक्यावर १३ मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर, लिहिलेला असला म्हणून तो १० मिलिमीटरच्या ड्रायव्हरपेक्षा चांगला ठरत नाही. आकारापेक्षा त्याची जुळणी आणि बांधणी महत्त्वाची असते. एलडीएसी, एएसी यांसारख्या कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याच्या पद्धतींच्या, नावांपायी जास्त पैसे मोजण्याचीही गरज नाही. तो कोडेक फोन आणि इअरबड या दोघांतही असेल तरच चालतो, आणि बोलणे ऐकण्यासाठी ब्लूटूथ आवाजाच्या प्रत्येक साधनात असणारा साधा एसबीसी कोडेक पुरेसा होतो.

याच ओघात रेडिओची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ही चूक घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत वारंवार होते. बऱ्याच साध्या फोनमध्ये एफएम रेडिओसाठी इअरफोनची वायर हीच अँटेना असते. मुलाने हौसेने आजोबांना वायरलेस इअरबड आणून दिले, जुना वायरचा इअरफोन टाकून दिला, आणि आजोबांचा रेडिओच बंद पडला, असे प्रकार मी पाहिले आहेत. घरी कोणी फोनवर एफएम ऐकत असेल, तर वायरचा इअरफोन जपून ठेवावा.

एएनसी आणि ईएनसी यांची गल्लत

खरेदीतली सर्वांत महागात पडणारी चूक मला हीच वाटते. एएनसी (अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन) आपल्या कानासाठी असते. इअरबडमधला माइक बाहेरचा गोंगाट टिपतो आणि यंत्र त्याच्या उलट लहरी सोडून तो कमी करते. ईएनसी (एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन) मात्र समोरच्या माणसासाठी असते. आपण फोनवर बोलत असताना आपल्या आवाजाभोवतीचा गोंगाट गाळला जातो. आपल्या कानाला त्याचा काहीही फायदा होत नाही. स्वस्त डब्यांवर ईएनसी हा शब्द ठळक छापलेला असतो, आणि माझ्याकडे आलेल्या एका ट्रॅक्टरचालक तरुणाने तो वाचूनच, आता ट्रॅक्टरचा आवाज ऐकू येणार नाही या समजुतीने, इअरबड घेतले होते. आवाज ऐकू येतच राहिला, म्हणून तो गाणी पूर्ण आवाजात ऐकू लागला.

हे धोक्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज फार तर ४० तास ऐकावा, आणि मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. दर ३ डेसिबल वाढीमागे सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर यंत्राचाच आवाज ९० च्या आसपास जातो, आणि त्याच्यावर मात करणारे गाणे लावले तर काय होईल याचा हिशेब प्रत्येकाला करता येईल. गेलेली श्रवणशक्ती परत आणणारे औषध नाही. कानात शिट्टीसारखा आवाज राहू लागला किंवा घरची माणसे ‘ऐकू येत नाही का’ असे वारंवार विचारू लागली, तर इअरबड ठेवून द्यावेत आणि कान तपासून घ्यावेत.

खरी एएनसी असली तरी ती एसटीच्या इंजिनासारखा एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज चांगला कमी करते. शेजारच्या सीटवरच्या गप्पा, हॉर्न, बाळाचे रडणे यांवर तिचा परिणाम कमी होतो. यवतमाळ-नागपूरसारखा प्रवास नेहमी करणाऱ्याने ती जरूर घ्यावी. घरी आणि वावरात ऐकणाऱ्याने ते पैसे वाचवावेत.

रबराची टोपी बदलून न पाहणे

खोक्यात लहान, मध्यम आणि मोठ्या अशा टोप्यांच्या जोड्या येतात. मधली जोडी बसवलेली असते आणि बाकीच्या पिशवीतच राहतात. टोपी कानात नीट बसली नाही तर खालचे सूर निसटतात, आवाज पातळ येतो, बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि इअरबड सारखा गळून पडतो. मग वस्तूच हलकी आहे असे आपण म्हणतो. अनेकांच्या दोन कानांची भोके सारखी नसतात, तेव्हा एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला लहान टोपी लावण्यात काहीच गैर नाही. टोपी बसवून स्वतः बोलून पाहावे. आपलाच आवाज विहिरीत बोलल्यासारखा घुमला, तर ती घट्ट बसली आहे असे समजावे.

वावराचा विचार न करणे

कृषिपंपांना बऱ्याच ठिकाणी ठरावीक तासच, आणि तेही चक्राकार पद्धतीने वीज मिळते, त्यामुळे हरभऱ्याचे किंवा गव्हाचे ओलीत करण्यासाठी कित्येकांना रात्री वावरात जावे लागते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागल असतेच. ती रात्र एकट्याने काढताना कानात गाणे हवेसे वाटते, हे मी समजू शकतो. पण अशा वेळी दोन्ही कान बंद करू नयेत, हे मी माझ्या प्रत्येक ग्राहकाला कळकळीने सांगतो. डुकरांच्या कळपाची खसखस, पायाजवळची सळसळ, धुऱ्यावरून शेजाऱ्याने दिलेली हाक, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर वाघाची चाहूल, या सगळ्यांची पहिली सूचना कानालाच मिळते. बहुतेक इअरबड एकेकटेही चालतात. एकच कानात ठेवावा आणि आवाज कमी ठेवावा. कानाचे भोक मोकळे ठेवणारे, बाहेर अडकवायचे हेडफोनही मिळतात आणि या कामासाठी ते अधिक योग्य आहेत. बाहेरचा आवाज माइकमधून आत सोडणारी ट्रान्सपरन्सीची सोय असली तरी आवाज नेमका कोणत्या दिशेने आला हे तिच्यातून मोकळ्या कानाइतके स्पष्ट कळत नाही.

फवारणी करताना मात्र कानात काहीही घालू नये. औषधाचे हात इअरबडला लागतात, इअरबड कानात जातो आणि रबराच्या टोपीखाली औषध त्वचेला चिकटून राहते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते दिवस आपण विसरलेलो नाही.

सोयाबीन सोंगताना पडलेला इअरबड कुटारात सापडत नाही. दिवसभर वाकून काम करणाऱ्याने नेकबँडच घ्यावा. तो गळ्यात राहतो, त्याची बॅटरी मोठी असते, आणि एका कानातला सोडून दिला तरी तो छातीवर लोंबत राहतो.

पाण्याबद्दलही गैरसमज आहेत. वस्तू पाणी आणि धूळ किती सहन करते हे आयपी मानांकन सांगते. आयपीएक्स४ म्हणजे घामाचे थेंब आणि शिंतोडे सहन करणे. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकणे. यातल्या ‘एक्स’चा अर्थ धुळीची चाचणी नोंदलेली नाही, असा होतो. तुरीची मळणी किंवा जिनिंगमधले काम करणाऱ्याने म्हणूनच आयपी५४ किंवा आयपी५५ असे, दोन्ही जागी अंक असलेले मानांकन पाहावे. शिवाय हे मानांकन बहुधा इअरबडचे असते, चार्जिंगच्या डबीचे नसते. ओले इअरबड पुसल्याशिवाय डबीत ठेवल्याने आतले संपर्कबिंदू गंजतात.

उन्हात ठेवणे

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा टिनाच्या छपराखाली त्याहूनही जास्त ताप असतो. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. तापलेली डबी तशीच चार्जरला लावण्याची सवय इअरबडची लहानशी बॅटरी वर्षभरात निकामी करू शकते. डबी आधी सावलीत थंड होऊ द्यावी. माठाजवळच्या ओल्या जागी मात्र ठेवू नये.

खोक्यावरचे ‘५० तास’ हे इअरबड आणि चार्जिंगची डबी मिळून असतात. एका बैठकीत इअरबड साधारण ५ ते ८ तास चालतो आणि एएनसी लावली की तो वेळ घटतो. तेवढा वेळ चालत असेल तर बॅटरी खराब झालेली नाही.

बिघाड समजण्याआधी

आवाज तुटण्याची तक्रार आली की मी आधी फोनमध्ये साठवलेले गाणे लावून पाहतो. ते सलग वाजले, तर तुटत होते ते नेट, इअरबड नव्हे. साठवलेले गाणेही तुटत असेल तर फोन कुठे ठेवला होता ते विचारतो. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी माणसाच्या शरीरातले पाणी शोषून घेते, त्यामुळे मागच्या खिशातला फोन वरच्या खिशात घेतला की पुष्कळदा दोष नाहीसा होतो. बसस्थानकावर किंवा आठवडी बाजारात आसपासची ब्लूटूथ आणि वाय-फाय साधने याच पट्ट्यात असल्याने तिथे थोडे तुटणे गृहीत धरावे.

एकाच कानात आवाज येत असेल तर पहिल्यांदा जाळी पाहावी. कानातला मळ तिथे साचतो. कोरड्या, मऊ ब्रशने जाळी खाली तोंड करून झाडावी. टाचणी घालू नये, जाळी फाटते. मग डबीतले चार्जिंगचे संपर्कबिंदू कोरड्या कापसाने पुसावेत, कारण घामाचा थर बसला की एक बाजू चार्जच होत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल एका बाजूला सरकला आहे का तेही पाहावे. मुलांच्या हातून तो नकळत सरकतो. एवढ्यावर भागले नाही तर फोनच्या ब्लूटूथ यादीतून इअरबडचे नाव काढून टाकावे, माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे बटण दाबून रीसेट करावे आणि नव्याने जोडावे. माझ्याकडे आलेल्या एकतर्फी इअरबडपैकी बरेच इथेच बरे होतात.

फोन आला की गाण्याचा आवाज एकदम चपटा होतो, ही तक्रार दोषाची नाही. माइक सुरू झाला की साधारण ब्लूटूथ जोडणी कमी दर्जाच्या एकेरी आवाजावर येते, आणि बोलणे संपले की पूर्ववत होते.

बिल आणि नोंदणी क्रमांक

मी स्वतः एकदा केवळ किंमत पाहून इअरबड घेतले. डावा कान दोन महिन्यांत बंद पडला, वॉरंटी वर्षाची होती, पण दुरुस्ती केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात होते. दोन फेऱ्यांचे एसटीभाडे आणि बुडालेले दोन दिवस धरता ती वॉरंटी मला महाग पडली. तेव्हापासून मी केंद्र कुठे आहे आणि वस्तू कुरियरने घरून नेतात का, हे आधी विचारतो.

वायरलेस इअरफोनला भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) सक्तीची नोंदणी लागते. वस्तूवर किंवा खोक्यावर मानकचिन्हाबरोबर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो, आणि तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते कळते. बाजाराच्या दिवशी चादरीवर मांडलेल्या, नामांकित नावांच्या डब्यांवर हा क्रमांक शोधून पाहावा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार वस्तू दूरच्या शहरातून मागवलेली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी बिल लागते. आजकाल बिले थर्मल कागदावर छापतात आणि उन्हाळ्यात त्यांची अक्षरे उडून कोरा कागद उरतो, म्हणून वस्तू घेतली त्याच दिवशी बिलाचा फोटो काढून ठेवावा.