आंब्याच्या पट्ट्यांचा हिशेब व्ह्यूमध्ये कसा बसवावा

मार्च लागला की देवगड-रत्नागिरीकडे वाशीच्या बाजारातून पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, यायला लागतात. पेट्या किती, दर काय, भाडं आणि हमाली वजा जाता हातात किती. सोसायटीच्या प्रत्येक अहवालात ही वजाबाकी नव्याने लिहिली की एखादीत हमाली राहतेच आणि मग बागायतदार पट्टी घेऊन दारात उभा. त्यापेक्षा ती एकदाच व्ह्यूमध्ये लिहावी. व्ह्यू म्हणजे नाव देऊन ठेवलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न. दिसतो टेबलासारखा, पण त्यात आकडे साठत नाहीत. विचारलं की तो मूळ टेबलांतून ताजे काढून देतो.

इथे पोस्टग्रेस हा डेटाबेस धरला आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लिपीत कराव्यात; टेबल-रकान्यांची नावं देवनागरीत चालतात.

आधी दोन टेबलं हवीत. ‘बागायतदार’मध्ये क्रमांक, नाव, फोन, खाते. ‘पट्ट्या’मध्ये बागायतदार, तारीख, पेट्या, दर, भाडे, हमाली. मग व्ह्यू:

क्रिएट व्ह्यू हिशेब अ‍ॅज
सिलेक्ट ब.क्रमांक, ब.नाव, प.तारीख, प.पेट्या,
प.पेट्या * प.दर - कोअलेस(प.भाडे, 0) - कोअलेस(प.हमाली, 0) अ‍ॅज निव्वळ
फ्रॉम पट्ट्या प
जॉइन बागायतदार ब ऑन ब.क्रमांक = प.बागायतदार;

कोअलेस गाळू नका, रिकाम्या रकान्याच्या जागी तो 0 धरतो. हमालीचा रकाना रिकामा, म्हणजे नल, राहिला तर त्या ओळीची अख्खी निव्वळ रक्कमच नल होते, आणि बेरीज करताना ती ओळ गुपचूप वगळली जाते. चूक दाखवणारा संदेशही येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी दोन-चार कागदी पट्ट्यांशी आकडे ताडून घ्या.

आता कोणाचे किती, हे एका ओळीत निघतं:

सिलेक्ट क्रमांक, नाव, सम(निव्वळ) फ्रॉम हिशेब ग्रुप बाय क्रमांक, नाव;

नुसत्या नावावर गट पाडू नका. वाडीत एकाच नावाआडनावाचे दोघे असतातच.

खाते क्रमांक व्ह्यूमध्ये घेतलेला नाही, तो मुद्दाम. ‘ग्रँट सिलेक्ट ऑन हिशेब टू कारकून’ एवढंच द्या, मूळ टेबलांचा हक्क देऊ नका. कारकुनाला हिशेब दिसेल, खाती दिसणार नाहीत.

दुरुस्ती मात्र ‘पट्ट्या’तच करायची. एका टेबलावरच्या साध्या व्ह्यूमधून पोस्टग्रेस मूळ ओळ बदलू देतं, जॉइन असलेल्यातून, म्हणजे आपल्यासारख्या दोन टेबलं जोडलेल्यातून, थेट नाही. क्रिएट ऑर रिप्लेस व्ह्यूने नवा रकाना शेवटी जोडता येतो. जुना काढायचा तर ड्रॉप व्ह्यू करून पुन्हा बनवावा लागतो. घाबरू नका, पट्ट्यांना धक्का लागत नाही, पण दिलेले हक्क पुन्हा द्यावे लागतात.

व्ह्यूवर व्ह्यू, त्यावर आणखी एक, असे मजले मी तरी चढवत नाही. कुठला आकडा कुठून आला हे शोधता शोधता संध्याकाळ होते. वर्षानुवर्षांच्या पट्ट्यांमुळे क्वेरी रेंगाळू लागली तर मॅटिरिअलाइज्ड व्ह्यू आहे. तो निकाल साठवून ठेवतो आणि रिफ्रेश केल्याशिवाय बदलत नाही. मागच्या हंगामांसाठी उत्तम. एप्रिलच्या धांदलीत नको, कारण दुपारी भरलेली पट्टी रिफ्रेश होईपर्यंत त्यात दिसणार नाही.