क्योतोला जाताय? या चुका टाळा

मराठी मंडळींच्या जपान सहलीत क्योतोच्या वाट्याला बहुतेक वेळा एक-दीड दिवस येतो. सकाळी ओसाकाहून निघायचं, फुशिमी इनारीच्या केशरी कमानी, किंकाकुजीचं सोनेरी मंदिर आणि आराशियामाचं बांबूचं बन उरकायचं आणि रात्री परत फिरायचं. फोटो भरपूर मिळतात, आणि घरी आल्यावर 'गर्दी फार होती हो' हे एकच वाक्य ऐकू येतं. क्योतो 794 पासून 1868 पर्यंत जपानची राजधानी होती. क्योतो आणि शेजारच्या उजी व ओत्सु शहरांतली 17 स्थळं 1994 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. महाबळेश्वरला टॅक्सीवाला 'पॉइंट' दाखवतो तसं हे शहर बघायला गेलात तर ते हाती लागणार नाही. खाली सांगितलेल्या बऱ्याचशा चुकांचं मूळ या घाईत आहे.

तारखा आपल्या सुट्टीवरून ठरवणं

चेरीचा बहर साधारण मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असतो, म्हणजे नेमका आपल्याकडच्या परीक्षांच्या दिवसांत. मुलांची परीक्षा संपवून एप्रिलच्या शेवटी पोहोचलात की फुलं गेलेली असतात आणि जपानचा 'गोल्डन वीक' सुरू होतो. 29 एप्रिल ते 5 मे हा सुट्ट्यांचा काळ आहे. अख्खा जपान फिरायला निघतो, हॉटेलांचे दर चढतात आणि या दिवसांत तोक्यो-ओसाका मार्गावरच्या नोझोमी या सर्वांत वेगवान शिंकानसेन (बुलेट ट्रेन) गाडीला आरक्षणाशिवायचे डबेच नसतात. दिवाळीच्या सुट्टीतही असाच घोळ होतो. लाल मेपल बघायचे म्हणून लोक नोव्हेंबरच्या सुरुवातीला जातात, पण क्योतो शहरात पानांचा रंग नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत भरात येतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीतच जायचं असेल तर मे महिन्याचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. गर्दी ओसरलेली असते, मेपलची कोवळी हिरवी पानं असतात आणि 15 मे रोजी आओई मात्सुरी या उत्सवाची मिरवणूक सम्राटांच्या जुन्या राजवाड्यातून निघते. जूनमध्ये पाऊस आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईकरालाही नकोसा होईल असा दमट उकाडा असतो.

चार दिशांची चार ठिकाणं एका दिवसात

नकाशा उघडून बघा. किंकाकुजी वायव्येला आहे, आराशियामा पश्चिमेच्या टोकाला, फुशिमी इनारी दक्षिणेला आणि कियोमिझुदेरा मंदिर पूर्वेच्या डोंगरउतारावर. ही चारही एका दिवसात बसवली की दिवसाचा मोठा भाग बसमध्ये जातो. एका दिवसाला शहराची एकच बाजू घ्या. पूर्वेकडचा हिगाशियामा भाग एकट्यानेच दिवस मागतो. कियोमिझुदेरा सकाळी 6 वाजता उघडतं. तेव्हा तिथल्या 13 मीटर उंच लाकडी सज्जावर उभं राहायला जागा असते, तीच दहानंतर मिळत नाही. तिथून उतरत्या दगडी गल्ल्यांनी कोदाइजी, यासाका देऊळ असं चालत यायचं, दुपारी बसने गिनकाकुजी मंदिर गाठायचं आणि तिथून कालव्याकाठची दोनेक किलोमीटरची 'तत्त्वज्ञाची वाट' धरून नानझेनजीकडे उतरायचं.

वेळेचं आणखी एक. बरीच मंदिरं संध्याकाळी 4 ते 5 च्या दरम्यान बंद होतात आणि प्रवेश त्याआधी अर्धा तास थांबतो. फुशिमी इनारी मात्र रात्रंदिवस उघडं आणि विनामूल्य आहे, म्हणून ते भर दुपारसाठी ठेवूच नका. पहाटे किंवा अंधार पडल्यावर जा आणि पहिल्या शंभर कमानींत अडकू नका. डोंगर 233 मीटरचाच आहे. अर्ध्या वाटेवर योत्सुत्सुजी या चौकापर्यंत चढलात की खाली शहर पसरलेलं दिसतं आणि पुढे माणसं तुरळक होतात.

सगळीकडे बसनेच जाणं

क्योतोच्या सिटी बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि उतरताना पुढच्या दाराशी पैसे भरायचे. पेटीतून मोड परत मिळत नाही, त्यामुळे नेमके सुटे पैसे किंवा इकोका हे पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड हवं. पण खरी अडचण वेगळी आहे. हंगामात बस इतकी भरते की थांब्यावरच्या लोकांना घेता येत नाही. जुन्या प्रवासवर्णनांत ज्याची शिफारस असते तो फक्त बसचा दिवसाचा पास आता मिळत नाही, त्याची विक्री 2023 मध्ये थांबली. मेट्रो आणि बस दोन्हींचा एक दिवसाचा पास असतो, तो घ्या आणि शक्य तितकं रुळांवरून फिरा. आराशियामाला जेआर या रेल्वे कंपनीच्या सागानो मार्गाने पाव तासाच्या आसपास लागतो. किंकाकुजीला मेट्रोने किताओजीपर्यंत जाऊन पुढचं थोडं अंतर बसने कापा.

फुशिमी इनारीला जाताना एक चूक वारंवार होते. क्योतो स्टेशनवरून जेआर नारा मार्गाची जी गाडी समोर येईल तीत लोक चढतात. ती जलद निघाली तर इनारी स्टेशनवर थांबत नाही आणि तुम्ही पुढे निघून जाता. फलकावर 'लोकल' बघूनच चढा, दुसरंच स्टेशन इनारीचं आहे. चुकून जलद गाडीत बसलातच तर पहिल्याच थांब्यावर, तोफुकुजीला, उतरा आणि मागून येणारी लोकल धरा.

जेआरच्या गाड्यांत ठरावीक दिवस चालणाऱ्या जेआर पासचंही गणित आधी मांडा. ऑक्टोबर 2023 मध्ये 7 दिवसांचा साधा पास 50,000 येनचा झाला. तोक्यो ते क्योतो एका वेळचं तिकीट साधारण 14,000 येनच्या घरात आहे. फक्त तोक्यो-क्योतो-तोक्यो करणाऱ्याला पास परवडत नाही.

स्टेशनजवळचं मंदिर सोडून देणं

याबद्दल मला खरंच हळहळ वाटते. क्योतो स्टेशनपासून पाव तास चालत तोजी आहे. तिथला सुमारे 55 मीटर उंचीचा पाच मजली पॅगोडा शिंकानसेनच्या खिडकीतून दिसतो, म्हणून लोक तो बघितल्यात जमा करतात. खरं बघायचं आहे ते आतल्या कोदो या सभागृहात. कूकाई या भिक्षूच्या कल्पनेतून नवव्या शतकात मांडलेल्या 21 मूर्तींचं मंडल तिथे आहे. त्यात एका बाजूला चार हंसांवर बसलेला चतुर्मुख ब्रह्मदेव आणि दुसऱ्या बाजूला हत्तीवर बसलेला इंद्र आहे. फलकावर बोंतेन आणि ताइशाकुतेन अशी नावं असतात, पण मराठी माणसाला ओळख करून द्यावी लागत नाही. सानजूसानगेनदो या लांबलचक मंदिरातही कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, 1,001 मूर्तींच्या पुढच्या ओळीत बासरी वाजवणारा गरुड उभा आहे. दोन्हीकडे आत फोटोला बंदी आहे. कदाचित म्हणूनच ही ठिकाणं 'पॉइंट'च्या यादीत येत नसावीत.

मुक्कामाच्या चुका

खोलीचं क्षेत्रफळ न बघता आरक्षण करू नका. बिझनेस हॉटेलांच्या कित्येक खोल्या 12-15 चौरस मीटरच्या असतात, दोन मोठ्या बॅगा एकदम उघडत नाहीत. दोघांच्या नावावर खोली घेऊन मुलांना 'ॲडजस्ट' करणं इथे चालत नाही. जुनी लाकडी माचिया घरं फार देखणी असतात, पण जिने शिडीसारखे उभे असतात. गुडघ्याचं दुखणं असलेल्या आई-बाबांना घेऊन जात असाल तर लिफ्ट असलेलं हॉटेलच बरं.

ऱ्योकान म्हणजे पारंपरिक अतिथिगृहात एक रात्र जरूर राहा, पण त्याला हॉटेल समजू नका. जेवणासह आरक्षण असेल तर रात्रीचं जेवण सहा-सातच्या सुमारास, ठरल्या वेळी येतं. दिवसभर फिरून आठला उगवलात तर जेवणही जातं आणि पैसेही. शाकाहारी असल्याचं आरक्षण करतानाच सांगायचं, पोहोचल्यावर सांगून उपयोग नाही, कारण त्या जेवणाची तयारी आधीपासून झालेली असते. जमत नाही असं उत्तर आलं तर 'सुदोमारी' मागा, म्हणजे जेवणाशिवाय नुसती खोली. तातामी या गवती चटयांच्या जमिनीवर चपला सोडाच, स्लिपरही चालत नाही. युकाता हा सुती किमोनो नेसताना डावी बाजू उजवीवर घ्या, उलट प्रकार मृताला नेसवताना करतात.

मार्च 2026 पासून शहराचा निवास-कर वाढला आहे. तो माणशी, दर रात्री आणि खोलीच्या दरानुसार लागतो. पुष्कळदा हॉटेलवरच वेगळा भरावा लागतो, म्हणून तो हिशेबात धरा.

'आय ॲम व्हेजिटेरियन' म्हणून निर्धास्त होणं

सर्वांत जास्त त्रास इथेच होतो. वेटर नम्रपणे मान हलवतो, मांसाचे तुकडे काढतो आणि वाडगा समोर ठेवतो. त्याच्या दृष्टीने काम झालं. पण रस्सा दाशीचा, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ अर्काचा असतो. ट्यूनाच्या जातीतला मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवतात. त्याच्या किसाला कात्सुओबुशी म्हणतात आणि दाशी बहुतेक वेळा त्यातूनच काढतात. क्योतो-ओसाकाच्या कान्साई भागात उदोन या जाड नूडल्सचा रस्सा फिका, जवळजवळ पारदर्शक असतो, त्यामुळे शंकाही येत नाही. मिसो सूप, भाज्यांच्या तेंपुराबरोबरची (जपानी भज्यांबरोबरची) चटणी, इनारी सुशीची गोडसर पुरचुंडी, या सगळ्यांत दाशी असू शकते. तेंपुरा मिठासोबत मागितलात तर चटणीचा प्रश्न मिटतो, अंड्याचा आणि तळणीच्या सामाईक तेलाचा उरतो. जपानी पद्धतीच्या 'व्हेज करी'तही तयार मसाल्याच्या वड्यांमधून प्राण्यांची चरबी येते.

दोन वाक्यं पाठ करा. 'निकु तो साकाना वा ताबेमासेन', मांस-मासे खात नाही. आणि 'कात्सुओ दाशी मो दामे देसु', माशाची दाशीही चालत नाही. जपानी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवलंत तर आणखी चांगलं, म्हणजे फोन थेट स्वयंपाकघरात दाखवता येतो.

एरवी शाकाहाऱ्यासाठी जपानात क्योतोइतकं चांगलं शहर नाही. बौद्ध मठांतलं शोजिन ऱ्योरी हे जेवण मांस-मासे टाळतंच, शिवाय कांदा-लसूणही टाळतं. आराशियामाच्या तेनऱ्यूजी मंदिराच्या आवारात शिगेत्सु इथे ते मिळतं. जेवणाखेरीज बागेचं तिकीट वेगळं काढावं लागतं. तिळाचं घट्ट तोफू, युबा म्हणजे सोयाच्या दुधावरची साय, वाफवलेली भाजी, लोणचं आणि भात, सगळं लाल लाखेच्या वाडग्यांतून येतं. चातुर्मास पाळणाऱ्यांना ते आपलं वाटेल. जैन मंडळींनी मात्र आधी विचारावं, कारण मुळा, गाजर, कमळाची मुळं त्यात सर्रास असतात.

घरून मेतकूट, भाजणी, चटण्या नेल्यात तर चालतं. ताजी फळं, भाज्या आणि फोडणीचा ताजा कढीपत्ता विमानतळावर काढून घेतला जातो.

मांसाहाऱ्यांनी निशिन सोबा, म्हणजे मुरवलेल्या हेरिंग माशाबरोबरच्या बकव्हीटच्या नूडल्स, चुकवू नये. निशिकी बाजारात चालत चालत खाऊ नका. घेतलं त्याच दुकानापाशी उभं राहून खा आणि काडी-कागद तिथेच द्या, रस्त्यात कचरापेटी सापडणार नाही. इझाकायात, म्हणजे जपानी खानपानगृहात, न मागता छोटी वाटी येते ती ओतोशी. तिचे पैसे लागतात, त्यात फसवणूक नाही. टीप देऊ नका.

गिओनमध्ये मैकोंच्या मागे धावणं

गिओन हा मैकोंचा, म्हणजे शिकाऊ गेइशांचा, जुना भाग. 2024 पासून तिथल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना मनाई आहे आणि 10,000 येन दंडाचे फलक आहेत. हानामिकोजी हा मुख्य रस्ता खुला आहे. संध्याकाळी एखादी मैको लगबगीने जाताना दिसली तर वाट द्या. ती कामावर निघालेली असते.

तरीही गडबड झालीच तर

स्टेशनवरचे सामानाचे लॉकर सकाळीच भरतात. तसे भरले असतील तर बॅग हॉटेलवर ठेवायला द्या, चेक-इनच्या आधीही बहुतेक हॉटेलं ती ठेवून घेतात. लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग शिंकानसेनमध्ये न्यायची तर तिच्यासाठी जागा असलेलं आसन आधी घ्यावं लागतं. ते मिळत नसेल तर ताक्क्यूबिन या कुरिअर सेवेने बॅग पुढच्या हॉटेलवर पाठवा, तोक्योला ती साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचते. कार्ड चाललं नाही तर सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून रोख काढा, अनेक देवळांच्या तिकीटखिडकीवर ती लागते. इकोका आत जाताना टेकवायची राहिली असेल तर बाहेर पडताना फाटकाशी झगडू नका, शेजारच्या खिडकीवर कुठून चढलात ते सांगा. पाकीट किंवा फोन राहिला तर आधी स्टेशनवर आणि मग जवळच्या कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत, विचारा. वस्तूचा रंग, आतल्या गोष्टी आणि हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून न्या, म्हणजे भाषेवाचून काम अडत नाही.