साहेबांनी सांगितलं, पण कोणाला लागणार हे दिसतंय, तेव्हा काय करायचं

कोणाला लागेल असलं काम साहेबांनी सांगितलं तर मी ऐकूनच घेणार नाही, असं मी पण म्हणायचो. मग नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर लागलो. तिथं स्ट्रोक मारायला दोन हातांनी दोन बटणं सोबतच दाबावी लागतात, म्हणजे हात डायच्या, दाबणाऱ्या साच्याच्या, बाहेरच राहतात. प्रॉडक्शन मागं पडलं तर सुपरवायझर म्हणाले, एका बटणाला टेप मारून दे, म्हणजे ते दाबलेलंच राहील न् एक हात मोकळा, आजच्या शिफ्टपुरतं. मारला मी. पॅकिंगचा ब्राऊन टेप, तीन वेढे. आजपुरतं म्हणता म्हणता तीन आठवडे झाले आणि एका नाईटला हेल्पर पोट्ट्याची दोन बोटं गेली. मी सुट्टीवर होतो पण टेप माझाच होता ना.

नंतर मिलग्राम नावाच्या मानसशास्त्रज्ञाबद्दल वाचलं. 1961 मध्ये अमेरिकेत येल युनिव्हर्सिटीत त्यानं साध्या माणसांना, क्लार्क, सेल्समन, कामगार असे, दुसऱ्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की त्याला शॉक द्यायला लावला, 15 व्होल्टपासून 450 पर्यंत, दर वेळी 15 नं वाढवत. शॉक खोटा होता पण त्यांना खराच वाटत होता, घाम फुटला, हात थरथरले, तरी प्रयोग घेणारा कोटवाला माणूस पुढं जा म्हणाला की दाबायचे, आणि 40 पैकी 26 जण शेवटपर्यंत गेले. एकदम 450 दाब म्हटलं असतं तर किती जणांनी दाबलं असतं? आपला टेप म्हणजे 15 व्होल्टचंच बटण. म्हणून नाही म्हणायचं असेल तर पहिल्याच टेपला म्हणा, नंतर फार जड जातं, कारण मग आधीचं पण चुकलं हे कबूल करावं लागतं.

साहेब समोर उभे असताना लगेच उत्तर देऊ नका, "सर, मशीन बघून सांगतो" म्हणून बाजूला व्हा. त्याच प्रयोगात कोटवाला फोनवरून सांगायला लागला तर शेवटपर्यंत जाणारे जवळपास पाचात एकच उरले. आणि ज्याला लागणार आहे त्याच्याजवळ जाऊन उभे राहा. शॉक खाणारा वेगळ्या खोलीत होता तेव्हा 26, त्याच खोलीत बसवला तर 16, त्याचा हात स्वतः धरून प्लेटवर दाबायला लावला तर 12.

सगळ्यात कामाचं म्हणजे एक तरी सोबती धरा. सोबतच्या दोघांनी आधी नकार दिला तेव्हा 40 पैकी फक्त 4 जण शेवटपर्यंत गेले. हे शिफ्ट सुरू व्हायच्या आधी टपरीवर चहा पितानाच बोलून ठेवा, "उद्या टेप मार म्हटलं तर मी मारणार नाही, तू?" एवढंच. आमच्यात तिघं जण मनातून नाहीच म्हणत होतो बाप्पा, पण एकमेकांना विचारलंच नाही.

"जबाबदारी माझी" असं साहेब म्हणाले तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा, भांडू नका, आवाज चढवू नका. पुष्कळदा तिथंच विषय संपतो. नाही संपला तर सरळ म्हणा, "सर, दोन्ही बटणांवरच चालवतो, काउंट कमी येईल." नोकरीवर येऊ शकतं, ईएमआय असला की पोटात गोळा येतो, मला माहीत आहे, म्हणूनच दोन महिन्यांचा पगार बाजूला पडेपर्यंत गाडी घेऊ नका असं मी नवीन पोट्ट्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, दोन्ही बटणं दाखवायच्या आधी.