तारकर्लीत स्कूबा करताय? इन्स्ट्रक्टर निवडताना या चुका टाळा

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवलं की आधी दर ठरतो, मग व्हिडिओ मिळणार का हे विचारलं जातं. पाण्याखाली आपल्याला धरून नेणाऱ्याला काय येतं, हे फार थोडे जण विचारतात. ही सगळ्यात मोठी चूक.

‘इथलाच आहे, माशासारखा पोहतो’ एवढ्यावर भागत नाही. स्थानिक माणसाला प्रवाहाची जी जाण असते ती मोलाचीच, पण शिकवणं हे वेगळं काम आहे. स्कूबा शिकवणाऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या पॅडी या संस्थेच्या इन्स्ट्रक्टर परीक्षेला बसायलाच किमान १०० डाईव्हची नोंद लागते. तेव्हा प्रमाणपत्राचं कार्ड बघा, आणि इथल्या पाण्यात किती डाईव्ह झाल्या तेही विचारा. चांगला माणूस रागावत नाही, डाईव्हच्या नोंदींचं लॉगबुक काढून दाखवतो.

‘कान दुखला की खूण करा’ असं सांगणारा अर्धवट शिकलेला समजा. पृष्ठभागापासून १० मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणजे कानाला खरा त्रास सुरुवातीच्या उथळ पाण्यातच. नाक दाबून, तोंड मिटून नाकातूनच हळूच हवा फुंकायची ती दुखण्याआधी, दर मीटरला. तरी दुखलंच तर थोडं वर यायचं, रेटायचं नाही. सर्दी असेल तर इन्स्ट्रक्टरने तुम्हाला सरळ नाही म्हणायला हवं, पैसे बुडाले तरी.

‘खोल नाही, घाबरू नका’ हे आश्वासन तर धोक्याचंच. सिलिंडरची हवा घेऊन श्वास रोखून वर आलात, तर दीड मीटरवरूनही फुफ्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून ‘श्वास कधीही रोखू नका’ हे वाक्य पाण्यात उतरण्याआधी तुमच्या कानावर पडलंच पाहिजे. घाबरलेला माणूस वर धाव घेतो. त्याला धरून, तोंडातला श्वास घ्यायचा रेग्युलेटर जागेवर ठेवून सावकाश वर आणण्याचा सराव इन्स्ट्रक्टरला हवा. बोटीवर ऑक्सिजन आहे का, हेही विचारून घ्या.

तब्येतीच्या फॉर्मवर न वाचता सही करू नका. दमा, फिट्स, हृदयविकार, गरोदरपण यांतलं काहीही लपवू नका.

परतीचा प्रवासही आधीच सांगा. एका डाईव्हनंतर विमानाआधी किमान १२ तास जाऊ द्यावेत, जास्त डाईव्ह केल्या तर १८. दुपारी डाईव्ह आणि संध्याकाळी गोव्यातल्या मोपाहून विमान, असा बेत ऐकून जो तुम्हाला सकाळची बोटसुद्धा देत नाही, त्याच्याकडेच पुढच्या वेळचं बुकिंग करा.