बॅज हजेरीचा नको, कामाचा द्या

कर सल्लागार संघटनेच्या शिक्षण समितीवर नव्याने आलात की पहिली सूचना ठरलेली: ‘सेमिनार घेऊ, सर्टिफिकेट वाटू.’ सेमिनार जरूर घ्या. पण वडा-चहाबरोबर मिळालेल्या सर्टिफिकेटासाठी कुणी पुढच्या वर्षीची वर्गणी भरत नाही.

त्याऐवजी मायक्रो-क्रेडेन्शियल द्या, म्हणजे एखादं काम नीट जमतं याचा तपासलेला पुरावा. सदस्याला तो डिजिटल बॅज म्हणून मिळतो. त्यासाठी ‘जीएसटी’ हा विषय अवाढव्य आहे. ‘एएसएमटी-१० नोटिशीला (विवरणपत्रातल्या तफावतीबद्दल विचारणा) एएसएमटी-११ मध्ये (उत्तराचा नमुना) उत्तर देणे’ एवढंच घ्या. अडीच-अडीच तासांचे तीन शनिवार पुरतात. रविवार नको, मेगाब्लॉक लागला की वाशी-ऐरोलीची मंडळी ठाण्याला येत नाहीत. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० ला ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) भरायचं असतं, तेव्हा शनिवारही २० नंतरचेच धरा, बॅच दोन-तीन महिने लांबली तरी चालेल. टॅक्स ऑडिटचा सप्टेंबर तर सोडूनच द्या.

हे साडेसात तास राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याच्या हिशेबाने पाव क्रेडिट होतात (३० तासांना १). एनसीव्हीईटीची (व्यावसायिक शिक्षणाची राष्ट्रीय परिषद) मान्यता नसेल तर मात्र तसं छापू नका.

खरी मेहनत परीक्षेत आहे. नाव आणि जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) खोडलेली नोटीस द्या, ९० मिनिटांत उत्तराचा मसुदा मागा. जीएसटीआर-१, ३बी आणि २बीचे (खरेदीवरच्या क्रेडिटचं पत्रक) आकडे जुळवलेत का, फरकाचं कारण महिनावार दिलंय का, जोडपत्रं मुद्द्यांच्या क्रमाने लावलीत का, उत्तराची ३० दिवसांची मुदत पाळली जातेय का, एवढंच तपासा. शिकवणाऱ्याकडे तपासणी देऊ नका, तो भिडेखातर पास करतो. नापास झालेल्याला एक संधी आणखी, पण नोटीस वेगळी.

बॅज ‘ओपन बॅज’ मानकाचा घ्या. मोझिलाने २०११ मध्ये सुरू केलेलं हे मानक आहे. कुणी, कशासाठी, कधी दिला हे बॅजच्या चित्रातच साठवता येतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ही माहिती गळून जाते, म्हणून लिंक पाठवा. बॅज ईमेलला जोडलेला असतो, तो ईमेल सदस्याचा स्वतःचा हवा. फर्मचा दिला तर नोकरी बदलली की बॅजही गेला. बॅजची मुदत एक वर्षाची ठेवा, कायदा दर बजेटला हलतो. नावात ‘तज्ज्ञ’ नको. सीए सदस्यांवर जाहिरातीची बंधनं आहेत.

बॅज मिळालेल्यांना पुढच्या बॅचचे परीक्षक करा. सेमिनारला न फिरकणारेही या कामाला येतात. फक्त एकाकडे पाचपेक्षा जास्त उत्तरं देऊ नका. सहाव्यापासून नुसत्या ‘बरोबर’च्या खुणा पडायला लागतात.