एम-आरएनएचं अर्धायुष्य मोजताना या चुका टाळा

एचयूआर हे प्रथिन पेशींमधून कमी केलं, टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाचा एम-आरएनए निम्म्यावर आला आणि लगेच लिहून टाकलं : 'एचयूआर त्याला टिकवून धरतं'. इतकी घाई नको. क्यूपीसीआरमध्ये (आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीत) दिसतो तो तयार होणं आणि मोडणं यांचा एकत्रित हिशेब. इंट्रॉनवरचे, म्हणजे स्प्लायसिंगमध्ये कापून टाकल्या जाणाऱ्या भागावरचे, प्राइमर लावा. स्प्लायसिंगआधीचा आरएनएही तेवढाच घटला असेल, तर संशय ट्रान्सक्रिप्शनवर, म्हणजे आरएनए तयार होण्यावर, घ्या.

मग क्षय मोजायला येतं ट्रान्सक्रिप्शन थांबवणारं औषध : अ‍ॅक्टिनोमायसिन डी, सहसा 5 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. हे प्रकाशात बिघडतं, म्हणून नळी फॉइलमध्ये ठेवा. नमुने 0, 2, 4, 8 तासांनी घेण्याची सवय इथे नडते : मॅक्रोफेजमधला टीएनएफचा एम-आरएनए पहिल्या दोन तासांतच बहुतेक संपलेला असतो. 0, 15, 30, 45, 60, 90 मिनिटं धरा. नैसर्गिक लॉग आलेखाच्या उतारावरून क्षयदर काढा, 0.693 भागिले क्षयदर म्हणजे अर्धायुष्य. तुलनेसाठी 18एस हा रायबोसोमचा टिकाऊ आरएनए घ्या किंवा बाहेरून मोजून घातलेला आरएनए. बीटा-अ‍ॅक्टिन नको, त्याच्या एम-आरएनएला एचयूआर स्वतःच चिकटतं.

सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) पॉली-ए शेपटीला चिकटणाऱ्या ओलिगो-डीटीने बनवू नका. एम-आरएनए मोडायला लावणारं टीटीपी हे प्रथिन शेपूट कातरणाऱ्या सीसीआर4-नॉट संकुलाला बोलावतं आणि आधी पॉली-ए शेपूट कातरली जाते. शेपूट आखडलेला रेणू ओलिगो-डीटीला सापडत नाही, पण तो अजून जिवंत असतो. म्हणजे मोजली जाते शेपूट, आणि अर्धायुष्य खोटंच कमी येतं. रेणूवर कुठेही चिकटणारे रँडम हेक्सामर वापरा.

सगळ्यात फसवी अडचण औषधातच आहे. ट्रान्सक्रिप्शन थांबलं की केंद्रकातलं एचयूआर सायटोप्लाझममध्ये जमू लागतं. ज्याचा परिणाम मोजायचा तेच प्रथिन मोजमापाने जागचं हलतं! निष्कर्ष एचयूआरबद्दल असेल तर 4-थायोयुरिडिनने (नव्या आरएनएत शिरणाऱ्या, ओळखता येणाऱ्या घटकाने) खूण करून क्षय पाहा, किंवा टेट-ऑफ रिपोर्टरला (टेट्रासायक्लिन वर्गातलं औषध दिल्यावर बंद होणाऱ्या, चाचणीसाठी घातलेल्या जनुकाला) टीएनएफचा 3' यूटीआर, म्हणजे एम-आरएनएचा प्रथिन न बनवणारा शेवटचा भाग, जोडा. सोबत त्या भागातला, अशी प्रथिनं जिथे चिकटतात तो एयूयूयूए क्रम बिघडवलेला जोडीदार हवाच.

प्रतिपिंडाने प्रथिन ओढून त्याला चिकटलेले आरएनए शोधताना पेशी फोडल्यावरही नव्या जोड्या जमतात. मिली आणि स्टाइट्झ यांनी 2004 मध्ये ते दाखवलं. म्हणून फोडण्याआधीच, बर्फावर, 254 नॅनोमीटर यूव्ही द्या.

ट्रान्सलेशनसाठी पॉलीसोम, म्हणजे अनेक रायबोसोम बसलेला एम-आरएनए, पाहत असाल तर रायबोसोम सोडवणारं ईडीटीए घातलेला नमुनाही चालवा. रायबोसोम सुटल्यावर एम-आरएनए हलक्या अंशांकडे सरकला नाही, तर तो पॉलीसोमवर नव्हताच, दुसऱ्याच एखाद्या जड संकुलात बसलेला होता.