माथेरानच्या जुन्या हॉटेलात उतरताय? जेवणाचं आधी विचारा

माथेरानच्या जुन्या, बंगलेवजा हॉटेलांत बऱ्याचदा खोलीच्या भाड्यातच चहा, नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण धरलेलं असतं. गावाच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापुढे गाड्यांना बंदी. त्यामुळे भाजीपाला, दूध, गॅसची टाकी, सगळं घोड्यावर नाहीतर हातगाडीवरून येतं, आणि स्वयंपाक माणसं मोजूनच होतो. म्हणून बुकिंगच्या फोनवरच विचारून घ्या: पहिलं जेवण दुपारचं की रात्रीचं, जेवणघर किती वाजता बंद होतं. जैन किंवा बिनतिखट जेवण हवं असेल तर तेही तेव्हाच सांगा. ऐन वेळी सांगितलं तर बिचाऱ्या आचाऱ्याचाही नाइलाज होतो.

नाक्यापासून बाजारपेठ साधारण अडीच किलोमीटर. नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनची शटल मिळाली तर उत्तम, नाहीतर लाल मातीतून पायपीट किंवा घोडा. दुपारचं जेवण गाठायचं तर हा वेळ हाताशी ठेवूनच निघा.

व्हरांड्यातला सकाळचा चहा मात्र चुकवू नका, त्यासाठीच तर अशा ठिकाणी राहायचं! फक्त बिस्किटांची बशी टेबलावर सोडून आत जाऊ नका. माकडं छपरावर टपूनच असतात, आणि खोलीचं दार उघडं दिसलं तर थेट पिशवीत हात घालतात.